आज कितवा दिवस?

३० एप्रिल २०२५. सकाळची वेळ, ठाण्याहून निघालेली धीमी लोकल, दारापाशी सॅक पोटावर घेऊन उभी असलेली दोन मुलं. सतरा-अठराची असतील. पहलगामच्या हल्ल्याची बातमी येऊन आठवडा झाला होता आणि डब्यात दुसरा विषय नव्हता. त्यातल्या एकाने विचारलं, "आज कितवा?" दुसऱ्याने मनातल्या मनात बोटं मोजली. "बावीसला झालं. आज आठवा." मग पहिला म्हणाला, "उरीला अकरा लागले, पुलवामाला बारा. म्हणजे अजून तीन-चार दिवस." थोडा वेळ दोघं गप्प. भायखळा गेलं. मग पहिल्याने पुन्हा विचारलं, "आणि सव्वीस-अकराला?" दुसरा फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला, "तेव्हा काही झालंच नाही रे."

मुलांचा हिशेब चोख होता. १८ सप्टेंबर २०१६ला उरी, २९ला सर्जिकल स्ट्राइक. १४ फेब्रुवारी २०१९ला पुलवामा, २६ला बालाकोट. पण त्यांच्या जन्माच्या आसपासची गोष्ट, जी याच लोकलच्या शेवटच्या स्टेशनात, सीएसएमटीत, घडली, तिच्यापुढे त्यांनी शून्य मांडलं होतं. ते शून्य मनातून जाईना. त्यात राग नव्हता. भूगोलाच्या पेपरातली रिकामी जागा भरावी तितक्या सहज ते वाक्य आलं होतं. एका पिढीच्या पाटीवर २६ नोव्हेंबर २००८ असं उतरलं असेल, तर ते तसं का उतरलं? आणि हल्ल्यानंतर दिवस मोजायचे असतात, हे या मुलांना कोणी शिकवलं?

बॉम्बस्फोटाला कालावधी नसतो. १२ मार्च १९९३च्या दुपारी मुंबईत एकामागून एक बारा स्फोट झाले, तेही दोनेक तासांत आटोपले. ११ जुलै २००६ला पश्चिम रेल्वेच्या सात डब्यांत सात स्फोट झाले, अवघ्या ११ मिनिटांत. लोकांना कळलं तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. उरली होती शोधाशोध, रुग्णालयांच्या याद्या, न लागणारे फोन. २००८चा हल्ला वेगळा होता तो इथे. तो बुधवारी रात्री साडेनऊनंतर सुरू झाला आणि शनिवारी सकाळी संपला. साठ तास. माणसं झोपली, उठली, चहा केला आणि टीव्ही लावला, तरी तो चालूच होता. शाळा-कॉलेजं बंद होती, त्यामुळे मुलंही त्याच पडद्यासमोर. ताजच्या घुमटातून निघणारा धूर, धडाका झाला की एकदम उठणारे आणि पुन्हा तिथेच येऊन बसणारे कबुतरांचे थवे, शुक्रवारी सकाळी नरिमन हाउस या ज्यू केंद्राच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरणारे काळ्या कपड्यांतले कमांडो, आणि शेजारच्या गच्च्यांवर, गल्लीच्या तोंडाशी खेटून उभे असलेले बघे. निवेदकाचा आवाज मधूनच बसायचा. कोपऱ्यात आकडा बदलायचा: इतके तास झाले.

तोच पडदा कराचीत बसून हल्ला चालवणारी माणसंही बघत होती. फोनवरची त्यांची संभाषणं पोलिसांनी पकडली आणि पुढे ती न्यायालयासमोर आली. इमारतीबाहेर काय चाललंय, कोण अडकलंय, फौजफाटा कुठून येतोय, हे आतल्या हल्लेखोर तरुणांना बाहेरून सांगितलं जात होतं, आणि सांगणाऱ्यांपुढे आपल्याच वाहिन्या चालू होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या निकालात यावर कडक शब्दांत बोट ठेवलं. २०१५मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती झाली: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी ठरावीक वेळाने माहिती देईल तेवढीच दाखवायची. २६ एप्रिल २०२५ला, पहलगामनंतर चारच दिवसांत, वाहिन्यांना नव्याने सूचना निघाली त्यातही याच कलमाची आठवण होती. म्हणजे ती दोन मुलं फोनवर काय बघू शकत होती आणि काय नाही, हेसुद्धा २००८ने ठरवलेलं होतं. पण हे कुणाला दिसत नाही. न दाखवलेलं दिसणार कसं?

तासांचा हिशेब दुसऱ्याही एका कारणाने मनात बसला. राष्ट्रीय सुरक्षा दल, म्हणजे एनएसजी, तेव्हा एकाच ठिकाणी होतं: दिल्लीजवळच्या मानेसरला. मुंबईत काय चाललंय याचा अंदाज येऊन दलाला बोलावण्याचा निर्णय व्हायलाच काही वेळ गेला. मग मानेसरहून पालम विमानतळापर्यंतचा रस्ता. दोनशे माणसं आणि त्यांचं सामान एका खेपेत नेईल असं आयएल-७६ विमान दिल्लीत नव्हतं, ते चंदिगडहून आणावं लागलं. मुंबईत उतरल्यावर विमानतळ ते कुलाबा हे अंतर बसने. नौदलाचे मरीन कमांडो मध्यरात्रीनंतर ताजमध्ये शिरले होते. एनएसजी कामाला लागली तेव्हा ऊन वर आलं होतं आणि पहिल्या गोळीपासून दहा-अकरा तास उलटले होते. त्यात शौर्याची कमतरता कुठेच नव्हती. मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्रसिंह मुंबईतच पडले. कमतरता होती ती अंतराच्या आणि वाहनांच्या हिशेबाची, जो कुणी आधी कागदावर मांडून बघितला नव्हता. २००९मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबाद इथे एनएसजीचे तळ झाले. गरज पडली तर कुठल्याही कंपनीचं विमान ताब्यात घेण्याचा अधिकार दलाला मिळाला. महाराष्ट्राने 'फोर्स वन' उभं केलं. स्टेशनात थ्री-नॉट-थ्री घेऊन एके-४७समोर उभे ठाकलेले रेल्वे पोलीस ज्यांनी बघितले, त्यांना हे सगळं किती उशिरा झालं तेही कळतं आणि किती गरजेचं होतं तेही.

तास मोजायची सवय अशी लागली. दिवस मोजायची सवय तिच्यातूनच आली असावी.

पण "काही झालंच नाही" हे वाक्य खोडून काढायचं, तर सुरुवात दिल्लीहून नाही, गिरगाव चौपाटीवरून करावी लागते. त्या रात्री साडेबाराच्या सुमाराला पोलिसांनी चौपाटीजवळ नाकाबंदी लावली होती. कामा रुग्णालयाच्या बाजूच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांना मारून, आधी पोलिसांची गाडी आणि मग एक स्कोडा पळवून दोन हल्लेखोर या बाजूला येत होते. गाडी नाकाबंदीच्या अलीकडे थबकली, वळायच्या प्रयत्नात दुभाजकावर चढली. चालवणारा गोळीबारात मेला. दुसरा शरण आल्यासारखं करत बाहेर पडला. साताऱ्याच्या केडंबे गावचे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे पुढे झाले आणि त्यांनी त्याच्या रायफलची नळी धरली. त्यांच्याजवळ लाठी होती. नळी त्यांच्या पोटाकडे होती. गोळ्या त्यांच्यात गेल्या, पण पकड सुटली नाही, आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांनी अजमल कसाबला जिवंत पकडलं.

आता ही पकड सुटली असती तर काय झालं असतं, याचा विचार करून बघावा. दहाही हल्लेखोरांकडे हिंदू नावांची खोटी ओळखपत्रं तयार होती. प्रसारमाध्यमांना आलेल्या ईमेलमध्ये 'डेक्कन मुजाहिदीन' असं, कुणी कधी न ऐकलेलं, भारतीय वाटावं असं नाव होतं. दहाही जण मेले असते तर हा भारतातल्याच कुणाचा तरी उद्योग, असं म्हणत राहायला पाकिस्तानला भरपूर जागा होती, आणि जगातल्या बऱ्याच राजधान्यांनी त्यावर मान डोलावली असती. जिवंत कसाबने आपलं गाव सांगितलं, फरीदकोट, जिल्हा ओकाडा. पाकिस्तानी पत्रकार त्या गावापर्यंत पोचले. ७ जानेवारी २००९ला पाकिस्तानचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार महमूद अली दुर्रानी यांनी कसाब पाकिस्तानी आहे हे मान्य केलं आणि त्याच दिवशी त्यांची नोकरी गेली. पण शब्द सुटले होते. १२ फेब्रुवारीला गृहखात्याचे प्रमुख रहमान मलिक यांना पत्रकारांसमोर सांगावं लागलं की कटाचा काही भाग आमच्या भूमीवर रचला गेला. परराष्ट्र धोरणाचा विचार आपण साउथ ब्लॉकच्या, म्हणजे परराष्ट्र खात्याच्या, दालनांशी जोडतो. २००८नंतर भारताने जगाला जे जे पटवलं, त्याचा पाया एका फौजदाराच्या मुठीत होता, हे मला फार खरं वाटतं. शून्य कसं मांडायचं तिथे?

त्या मुठीच्या जोडीला आणखी काही वस्तू होत्या, त्या जवळून बघण्यासारख्या आहेत. 'कुबेर' ही पोरबंदरची मासेमारीची बोट. तिच्यावरच्या खलाशांना मारून, तांडेलाकडून मुंबईपर्यंत चालवून घेऊन शेवटी त्यालाही मारलं, आणि किनारा टप्प्यात आल्यावर दहाही जण रबरी होडीत उतरले. बोटीवर राहिला जीपीएस, सॅटेलाइट फोन आणि संसाराचं म्हणावं असं सामान: दाढीचा साबण, टूथपेस्ट, दुधाची भुकटी, पिठाची पिशवी, धुण्याची पावडर. सगळ्यांवर पाकिस्तानात बनवल्याचे शिक्के. ५ जानेवारी २००९ला भारताने पाकिस्तानच्या हाती जो दस्तऐवज दिला, त्यात या वस्तूंची छायाचित्रं होती. फोनवरच्या संभाषणांचे उतारे आणि जीपीएसमधले बिंदू यांच्या शेजारी दाढीच्या साबणाची ट्यूब. दिल्लीतल्या परदेशी राजदूतांना बोलावून तो दाखवण्यात आला. पुढे पाकिस्तानच्या तपासयंत्रणा होडीच्या इंजिनावरून कराचीतल्या दुकानापर्यंत पोचल्या. पुरावा गोळा करणं हे असं कंटाळवाणं काम असतं. पिशवीवरचं लेबल वाचायचं, क्रमांक उतरवायचा, पंचनाम्यावर सही घ्यायची. चूक एकाच ठिकाणी पुरते. पंचनाम्यातली तारीख चुकली तर न्यायालयात ती ट्यूब ही फक्त ट्यूब उरते. मृतांमध्ये अमेरिकी आणि इस्रायली नागरिक होते म्हणून एफबीआय तपासात उतरली, जीपीएसमधली माहिती तिने काढून दिली आणि तिच्या अधिकाऱ्यांनी मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली. भारत-अमेरिका अणुकरारावर सह्या होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. त्या मैत्रीला पहिलं खरं काम मुंबईने दिलं.

आणि तरीही भारताने पाकिस्तानवर हल्ला का केला नाही? त्या आठवड्याचं चित्र आज डोळ्यांसमोर आणणं अवघड आहे. हल्ला सुरू झाला तेव्हा पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री शाह महमूद कुरेशी दिल्लीतच होते, चर्चेसाठी आलेले. २८ नोव्हेंबरला कुणीतरी आपले परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांच्या नावाने पाकिस्तानचे अध्यक्ष झरदारी यांना फोन करून युद्धाची धमकी दिली. फोन खोटा होता, पण पाकिस्तानचं हवाई दल सज्ज झालं, आणि अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांना मुखर्जींना शोधून विचारावं लागलं की हे तुम्ही बोललात का. एका फोनवर दोन अण्वस्त्रधारी देश इतके जवळ आले होते. परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी पुढे लिहिलं आहे की त्या दिवसांत आपण स्वतः लगेच, दिसेल असा प्रहार करावा या मताचे होतो, आणि नंतर विचार करता न करण्याचा निर्णयच बरोबर होता. कारण, प्रहार झाला असता तर जगाने ते भारत-पाकिस्तानचं आणखी एक भांडण म्हणून बाजूला ठेवलं असतं, आणि तिथलं लष्कर आपल्या दुबळ्या नागरी सरकारला बगल देऊन सगळा देश पाठीशी घेऊन उभं राहिलं असतं. दुसरी आठवण ताजी होती ती ऑपरेशन पराक्रमची. १३ डिसेंबर २००१च्या संसदेवरच्या हल्ल्यानंतर फौजा सीमेवर न्यायला तीन आठवडे लागले, तोवर राग आणि संधी दोन्ही निवली, आणि दहा महिने सैन्य उभं राहून परत आलं. पेरलेल्या सुरुंगांनी आपलीच माणसं गेली. हे सगळं ठाऊक असलेल्या माणसाला २००८चा संयम भ्याड वाटत नाही. पण हे सगळं ठाऊक कुणाला होतं? टीव्हीसमोर साठ तास बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाला कुणी सांगितलं?

त्याला जे दिसलं ते असं. ३ डिसेंबरला गेटवेसमोर हजारो लोक मेणबत्त्या घेऊन जमले, सरकारवर ओरडले. केंद्रातले गृहमंत्री गेले, राज्याचे मुख्यमंत्री आणि गृहमंत्री गेले. १५ डिसेंबरला चेन्नईत सचिन तेंडुलकरने ३८७ धावांचा पाठलाग करताना नाबाद १०३ केल्या आणि ते शतक मुंबईच्या लोकांना अर्पण केलं. घराघरात त्या दिवशी डोळे ओलावले. जानेवारीत ठरलेला भारतीय संघाचा पाकिस्तान दौरा रद्द झाला. त्याजागी श्रीलंकेचा संघ गेला आणि ३ मार्च २००९ला लाहोरमध्ये त्यांच्या बसवर गोळीबार झाला. पाकिस्तानचे खेळाडू आयपीएलच्या पहिल्या मोसमानंतर पुन्हा दिसले नाहीत. पोरांच्या जगात परराष्ट्र धोरण बहुधा असंच येतं, संघाच्या यादीतून एक नाव गळतं. मे २००९च्या निवडणुकीत तेच सरकार पुन्हा आलं, आणि मुंबईत मतदान चाळीस टक्क्यांच्या आसपासच राहिलं. त्याच वर्षी जुलैत इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या भारत-पाकिस्तान संयुक्त निवेदनात बलुचिस्तानचा उल्लेख आला आणि संसदेत आग भडकली. चर्चा सुरू, चर्चा बंद. हल्ल्याचा सूत्रधार लखवी २०१५मध्ये तिकडच्या तुरुंगातून जामिनावर बाहेर. २१ नोव्हेंबर २०१२च्या सकाळी येरवड्यात कसाबला फाशी झाली, ती बातमी लोकांना झाल्यावर कळली. स्टेशनात पायाला गोळी लागलेली नऊ वर्षांची मुलगी कुबड्या घेऊन साक्षीला आली होती आणि तिने त्याला ओळखलं होतं, या एका चित्राखेरीज मनात धरून ठेवावं असं त्या वर्षांत काय दिलं आपण मुलांना?

खरी कामं चालली होती ती न दिसणाऱ्या जागी. डिसेंबर २००८मध्येच राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा झाला. गुप्तचर संस्थांनी एकमेकांना माहिती द्यायचं मल्टी एजन्सी सेंटर आधीपासून होतं, ते आता रोज, चोवीस तास चालू लागलं. डेव्हिड हेडली अमेरिकी पासपोर्टवर, नाव बदलून, हल्ल्याआधी पाच वेळा मुंबईत येऊन चित्रीकरण करून गेला हे उघड झालं, तेव्हा पर्यटक व्हिसावर दोन भेटींमध्ये दोन महिन्यांचं अंतर हवं असा नियम आला. तो जाचला सगळ्यांना, मुख्यतः परदेशी पासपोर्टवर आईवडिलांना भेटायला येणाऱ्या आपल्याच लोकांना, आणि २०१२मध्ये तो सैल करावा लागला. एका माणसाने शोधलेली फट बुजवायला हजारोंच्या दारावर कडी, हे अशा प्रत्येक हल्ल्यानंतर होतं.

समुद्राचं काम सगळ्यात मोठं आणि सगळ्यात अवघड. २००९मध्ये एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलावर आली. देशभर किनाऱ्यावर पहिल्या टप्प्यात ४६ रडार बसले, बरेचसे जुन्या दीपगृहांवर. २० मीटर आणि त्याहून लांब बोटींना ओळख सांगणारं एआयएस यंत्र सक्तीचं झालं. राज्याराज्यांच्या बोटींना रंग ठरवून दिले, खलाशांना ओळखपत्रं आली. आणि अडतं कुठे, तेही कोळीवाड्यात उभं राहिलं की दिसतं. छोट्या होड्या २० मीटरच्या खालच्या, त्यांना यंत्राची सक्ती नाही, आणि संख्या त्यांचीच जास्त. लाकडाची किंवा फायबरची होडी रडारवर जेमतेम उमटते. समुद्र खवळलेला असला की लाटांच्या ठिपक्यांत ती हरवते. सागरी पोलिसांना वेगवान बोटी मिळाल्या, पण बोट म्हणजे इंधन, सुटे भाग, यंत्र कळणारा माणूस आणि समुद्र न लागणारे शिपाई. यातलं एक कमी पडलं की ती धक्क्याला बांधलेली राहते. राहतो तो कोळी माणूस. दहा जण मच्छीमार नगराच्या किनाऱ्याला लागले तेव्हा त्यांना पहिल्यांदा हटकलं ते तिथल्याच लोकांनी. 'सागर कवच' या किनारा सुरक्षेच्या सरावात आजही खरा भरवसा त्यांच्यावरच असतो. १८ ऑगस्ट २०२२ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली, आत तीन एके-४७. सगळ्या महाराष्ट्राच्या पोटात गोळा आला. १९९३चं आरडीएक्स उतरलं ते शेखाडी तिथून फार दूर नाही. ती नौका मस्कतजवळ इंजिन बंद पडून सोडून दिलेली, दोन महिने वाहत आलेली निघाली. जीव भांड्यात पडला. पण दोन महिने वाहत आलेली नौका किनाऱ्याला टेकेपर्यंत कुणाला दिसली नव्हती.

दिसणं आणि न दिसणं, सगळा गुंता तिथेच आहे. जे दिसलं तेवढंच घडलं, असं पडद्यावर वाढलेली पिढी समजते, आणि तिला दोष कसा द्यायचा? २०१६मध्ये पहिल्यांदा दिसेल असं काही झालं. लष्करी कारवायांचे महासंचालक, म्हणजे डीजीएमओ, रणबीर सिंह पत्रकारांसमोर आले आणि सांगितलं की काल रात्री आम्ही नियंत्रण रेषा ओलांडली. २००८मध्ये जे मूल दहा वर्षांचं होतं ते आता अठराचं झालं होतं, नुकतं मतदार. त्या एका घोषणेने त्याच्या मनातल्या आठ वर्षांच्या रिकाम्या जागेला उत्तर मिळालं. मला त्या दिवशीचं लोकांचं बरं वाटणं खोटं वाटलं नाही. आजही वाटत नाही. पण त्या दिवसापासून आकडा लागला. अकरा. मग बारा. हल्ला झाला की घड्याळ सुरू होतं, आणि ते घड्याळ आता सरकारच्या हातात राहिलेलं नाही, लोकलच्या दारात उभ्या असलेल्या मुलांच्या बोटांवर आहे.

त्या दिवसांत आत बरंच काही चालतं. लक्ष्य निवडायचं, तिथे लष्करी तळ किंवा नागरी वस्ती किती जवळ आहे ते बघायचं, सुरक्षा परिषदेच्या सदस्य देशांच्या राजदूतांना माहिती द्यायची, उत्तराला उत्तर आलं तर काय ते ठरवायचं. त्याआधी हाताशी असलेले सोपे उपाय वापरून होतात. २०१६ला सार्क परिषदेवर बहिष्कार, आणि २०१४च्या काठमांडूनंतर सार्कची शिखर परिषद झालेलीच नाही. २०१९ला व्यापारातला सर्वाधिक पसंतीच्या देशाचा दर्जा काढला, आयातीवर २०० टक्के शुल्क. २०२५ला दुसऱ्याच दिवशी सिंधू पाणी करार स्थगित, अटारी बंद, व्हिसा रद्द. प्रत्येक वेळी एकेक पायरी वापरून संपते, आणि पुढच्या वेळी त्याच पायरीवरून उडी मारता येत नाही, वरचीच लागते. वर चढताना पाय घसरतोही. २७ फेब्रुवारी २०१९ला, बालाकोटच्या दुसऱ्या सकाळी, आकाशात चकमक चालू असताना बडगामला आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. मोठी चूक झाली, असं हवाई दलप्रमुखांनी पुढे मान्य केलं. मे २०२५मध्ये पूंछच्या घरांवर तोफगोळे पडले आणि मुलं गेली. अकरा, बारा या आकड्यांत ही माणसं मोजलेली नसतात.

नरिमन हाउसमधून आयाने कडेवर घेऊन बाहेर काढलेला तो दोन वर्षांचा मुलगाही या पिढीचाच. त्याचे आईवडील आत मारले गेले. जुलै २०१७ला इस्रायलमध्ये भारताचे पंतप्रधान त्याला भेटले. जानेवारी २०१८ला, अकराव्या वर्षी, तो मुंबईत त्या घरी परत आला. दोन देशांच्या मैत्रीच्या छायाचित्रात तो मधोमध उभा असतो. त्याला ते घर आठवत नसणार. आठवण त्याच्या वतीने दोन सरकारांनी सांभाळून ठेवली आहे. आपल्या मुलांच्या वतीने कोण सांभाळतं? त्यांना आम्ही तारीख दिली, पुष्पचक्र दिलं, स्टेशनावरची स्मृतिपाटी दिली. दाढीच्या साबणाची ट्यूब दिली नाही. चंदिगडहून आलेलं विमान दिलं नाही. न केलेला हल्ला का केला नाही, हे बसवून सांगितलं नाही.

७ मे २०२५च्या पहाटे एक वाजून पाच मिनिटांनी ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, २५ मिनिटांत नऊ ठिकाणं. पंधरावा दिवस. मुलांचा अंदाज तीन-चार दिवसांनी चुकला. त्या नऊ ठिकाणांत लाहोरजवळचं मुरीदके होतं, लष्कर-ए-तोयबाचं मुख्य ठिकाण. २००८च्या त्या आठवड्यात दिल्लीत ज्या एका नावावर चर्चा होऊन ते बाजूला ठेवलं गेलं, तेच. कसाब आणि हेडली तिथे घडले, असं त्या सकाळी पत्रकारांना सांगण्यात आलं. म्हणजे सव्वीस-अकराचाही हिशेब कुणीतरी, कुठेतरी उघडाच ठेवला होता. २६ नोव्हेंबर २००८पासून मोजलं तर तो ६,००६वा दिवस येतो.

त्याच दुपारी मुंबईत नागरी संरक्षणाचा सराव होता. सीएसएमटीवरही झाला. भोंगा वाजला, माणसं बाजूला नेली, स्ट्रेचर फिरले, आणि कठड्याला टेकून लोकांनी ते फोनवर टिपलं. त्या ३० एप्रिलला ती दोन मुलं याच फरशीवर उतरली होती. गर्दीच्या रेट्यात मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून गेली. चौकटीला एका वेळी एक माणूस आणि दोघांमध्ये हातभर अंतर लागतं, सकाळी तिच्यातून माणसांचा लोट जातो, आणि प्रत्येकाच्या खिशात फोन, कमरेला बकल. ती सलग वाजत होती. खुर्चीतला शिपाई मान वर करून बघत होता, एकेक चेहरा, जमेल तितका. वर गाड्यांच्या घोषणांचा आवाज चालू होता. २००८च्या त्या रात्री याच स्टेशनातल्या काचेच्या खोलीतून विष्णू झेंडे नावाच्या उद्घोषकाने, समोर गोळ्या सुटत असताना, लोकांना मागच्या बाजूने बाहेर पडा म्हणून पुन्हा पुन्हा सांगितलं होतं आणि कितीतरी माणसं त्या आवाजामागे चालत वाचली होती. मुलं पाससाठी खिसे चाचपत त्याच आवाजाखालून गेली आणि डीएन रोडच्या बाजूला वळली.